ऊनरोधक लेपातील साहाय्यक द्रव्ये

सांगोल्याच्या बाजूस चैत्र-वैशाखात डाळिंबाच्या बागांतून फिरणाऱ्यास एक गोष्ट हटकून दिसते. फळांवर उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून बागाइतदार नाना खटाटोप करीत असतो. कोणी फळास कागदी पिशवी घालतो, कोणी ओळींच्या ओळी पांढऱ्या कापडाने झाकतो, तर कोणी केओलिन नावाची पांढरी माती पाण्यात कालवून झाडांवर फवारतो. चट्टा पडलेल्या फळाची प्रत उतरते व व्यापारी ते बाजूस काढतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच झाडाखाली उभे राहून फळांची विरळणी करणाऱ्या घरच्या बाईच्या गालांवर वर्षानुवर्षे जो काळा चट्टा वाढत जातो, त्याची प्रत कोण लावतो?

हा विषय शेतकी मासिकात कशास, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण पुढे फवारणीच्या संबंधात येईल, व ते वाचल्यावर हा आक्षेप राहणार नाही अशी आशा आहे. प्रस्तुत लेखक रसायनशास्त्री नव्हे. शिक्षण मराठी शाळेचे, व पुढील सारी वर्षे महसूल खात्यातील कारकुनीत गेली. मात्र कागदावरील आकडा आणि जागेवरील स्थिती ह्यांचा मेळ बसतो की नाही हे पाहण्याची खोड त्या नोकरीने लावली, ती सेवानिवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

प्रसंग असा झाला. आमच्या सूनबाईंच्या दोन्ही गालांवर वांग उठले. तालुक्याच्या गावच्या डॉक्टरांनी औषधाबरोबर उन्हात जाताना लावावयाचा एक लेप लिहून दिला. बाजारात त्यास सनस्क्रीन म्हणतात. पन्नास ग्रॅमची नळी, किंमत बियाण्याच्या पिशवीशी स्पर्धा करणारी, आणि वेष्टनावर ठळक ५० हा अंक. चार महिने झाले, नळी संपत आली, वांग जेथल्या तेथे. माझ्या मनाने घेतले की ही उघड फसवणूक आहे व कंपनीविरुद्ध अर्ज केला पाहिजे. अर्ज लिहिण्यापूर्वी वस्तुस्थिती गोळा करावी म्हणून वेष्टन भिंगाखाली धरले, तो आत तीस-बत्तीस द्रव्यांची नावे निघाली. त्यांतील किरण अडविणारी द्रव्ये अवघी चार-पाच. उरलेली मंडळी तेथे काय करीत आहेत, ह्या प्रश्नाचा पाठपुरावा करिता करिता जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

प्रथम उन्हाविषयी थोडक्यात. सूर्यप्रकाशात डोळ्यांस दिसणाऱ्या उजेडाखेरीज अतिनील किरण असतात. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या ह्या किरणांचे दोन वर्ग आहेत. २९० ते ३२० नॅनोमीटर लांबीच्या लहरींस यू. व्ही. बी. म्हणतात; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ह्या लहरी कातडी भाजतात. ३२० ते ४०० नॅनोमीटरच्या लहरींस यू. व्ही. ए. म्हणतात, त्या खोल जातात, काचेतून व ढगांतूनही येतात, आणि कातडी काळवंडणे व सुरकुतणे हे बहुतांशी त्यांचे काम. उन्हाळ्यातील निरभ्र दुपारी आपल्या भागात अतिनील किरणांचा निर्देशांक अकराच्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कोष्टकातील ती शेवटची पायरी होय.

आता वेष्टनावरील अंकाविषयी. त्यास एस. पी. एफ. म्हणतात व हे नाव ऑस्ट्रियाचे रसायनज्ञ फ्रान्झ ग्रायटर ह्यांनी १९७४ साली रूढ केले. उघडी कातडी लाल होण्यास जितके ऊन पुरते, त्याच्या किती पट ऊन लेप लावलेल्या कातडीस लागते, तो हा अंक. अंक १५ असेल तर भाजणाऱ्या किरणांपैकी पंधरावा हिस्सा, म्हणजे शेकडा साडेसहाच्या आसपास, आत येतो; ३० असेल तर शेकडा सव्वातीन; ५० असेल तर शेकडा दोन. मात्र ह्या अंकास एक अट जोडलेली आहे, आणि सात-बाराच्या उताऱ्यातील इतर हक्कांच्या रकान्याप्रमाणे ती कोणी वाचीत नाही. दर चौरस सेंटिमीटर कातडीवर दोन मिलिग्रॅम लेप लाविला असता हा अंक मिळतो. हे प्रमाण ध्यानात ठेवावे. त्याचा हिशेब शेवटी करावयाचा आहे. यू. व्ही. ए. साठी वेगळी खूण असते. जपानने १९९६ साली पी. ए. ही अक्षरे व त्यांपुढे अधिक चिन्हे घालण्याची रीत पाडली, ती आपल्याकडील वेष्टनांवरही दिसते. चिन्हे जितकी अधिक तितके रक्षण अधिक.

किरण अडविणारी मुख्य द्रव्ये दोन जातींची. पहिली खनिज जात. जस्ताचे भस्म म्हणजे झिंक ऑक्साइड, आणि टायटॅनियम डायॉक्साइड. हे दुसरे म्हणजे घरास लावावयाच्या पांढऱ्या रंगातील पांढरेपणा. ते ज्या खनिजापासून निघते ती काळी वाळू केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर विपुल आहे व आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आढळते. दुसरी जात कारखान्यात बनविलेल्या सेंद्रिय रसायनांची. ॲव्होबेंझोन, ऑक्टिनॉक्सेट, ऑक्टोक्रिलीन अशी त्यांची नावे. ती किरण पिऊन घेतात व त्यांची उष्णता करून सोडून देतात.

येथपर्यंत माझी समजूत अशी होती की मुख्य द्रव्य जितके अधिक तितका लेप चांगला. ही समजूत चुकीची आहे, आणि ती चुकीची कशी हे शेतकऱ्यास जितके लवकर पटेल तितके शहरी माणसास पटणार नाही. आपण बोर्डो मिश्रण करतो. रोग मारते ते मोरचूद. परंतु सुपारीच्या बागेत भर पावसाळ्यात नुसते मोरचूद व चुना फवारून कोणी स्वस्थ बसत नाही. मिश्रण घडावर टिकावे म्हणून त्यात राळ व सोडा मिसळतात. द्राक्षाचा बागाइतदार औषधाबरोबर स्टिकर घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नाही. स्टिकर स्वतः एकही बुरशी मारीत नाही, पण त्यावाचून महागडे औषध पानावरून ओघळून मातीस मिळते. लेपातील साहाय्यक द्रव्यांचे काम असेच आहे, किंबहुना त्याहून अधिक नाजूक आहे.

नाजूक म्हणण्याचे कारण कातडी सपाट नसते. भिंगातून पाहिल्यास ती नांगरटीसारखी दिसते. वरंबे आहेत, सऱ्या आहेत. लेप लाविला की तो सरीत साचतो व वरंबा उघडा पडतो. ह्याने किती नुकसान होते ते पाहा. समजा, लेप असा आहे की तो लागलेल्या जागी शेकडा दोनच किरण आत येतात, म्हणजे अंक ५०. परंतु दहावा हिस्सा कातडी उघडी राहिली. तर नव्वद भागांतून शेकडा दोनप्रमाणे १.८ व उघड्या दहा भागांतून पूर्ण १०, मिळून शेकडा ११.८ किरण आत येतील. १०० ला ११.८ ने भागिले असता साडेआठाच्या आत उत्तर येते. पन्नासाचे साडेआठ झाले! उघडा भाग केवळ विसावा हिस्सा धरिला तरी अंक साडेचौदाच भरतो. आता मुख्य द्रव्य दुप्पट करून पाहा; उघड्या भागातून येणारे किरण एकानेही कमी होत नाहीत. बांध एके ठिकाणी फुटला असता उरलेला बांध हातभर उंच करून पाणी थांबत नाही, तसेच हे आहे.

म्हणून साहाय्यकांतील पहिला मान थर बांधणाऱ्या द्रव्यांचा. वेष्टनावर ॲक्रिलेट्स कोपॉलिमर अशा लांबलचक नावांनी ती नोंदलेली असतात. लेपातील पाणी उडून गेल्यावर ही द्रव्ये एक पातळ, लवचीक पापुद्रा बनवितात व मुख्य द्रव्यास वरंब्यावर धरून ठेवितात. घामाने लेप चटकन वाहून जात नाही तो ह्यांच्यामुळे. अमेरिकेत २०११ सालापासून असा नियम आहे की पाण्यात टिकणाऱ्या लेपावर ४० मिनिटे की ८० मिनिटे ते छापावे लागते. आपल्याकडील कित्येक वेष्टनांवरही तशी नोंद असते. खुरपणीस वा विरळणीस जाणाऱ्याने हा आकडा पाहून मगच मोठा अंक पाहावा, असे माझे मत झाले आहे.

दुसरा वर्ग गाठी न होऊ देणाऱ्या द्रव्यांचा. जस्ताचे वा टायटॅनियमचे कण अतिशय बारीक दळलेले असतात, आणि बारीक कणांस एकमेकांस चिकटण्याची खोड असते. पिठल्यात गाठी झाल्या म्हणजे पीठ तेवढेच असून पिठले पातळ लागते, तद्वत् कणांच्या गाठी झाल्या की मध्ये मोकळ्या जागा राहतात व किरण निसटतात. कण सुटे ठेवण्यास जी द्रव्ये वापरतात त्यांतील एक पॉलिहायड्रॉक्सिस्टिअरिक ॲसिड. नाव भयंकर आहे, पण मूळ ओळखीचे. ते एरंडेलापासून बनते. बांधावरचा एरंड कोठवर जातो पाहा. टायटॅनियमच्या कणांस आणखी एक कवच लागते. ऊन लागले की हे कण स्वतःच चेतून आजूबाजूच्या पदार्थांस जाळू लागतात. जुन्या पांढऱ्या रंगास काही वर्षांनी हात लाविला असता खडूसारखी भुकटी हातास लागते, त्याचे एक कारण हेच. म्हणून लेपात घालावयाच्या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिना ह्यांचे पातळ आवरण चढवितात.

तिसरा वर्ग विरघळविणाऱ्यांचा. सेंद्रिय मुख्य द्रव्यांपैकी कित्येक मुळात स्फटिकरूप आहेत. ती योग्य तेलकट द्रवात पूर्ण विरघळली नाहीत तर नळीतच खडे धरतात, व खडा झालेले द्रव्य पसरत नाही. ह्या कामास बेंझोएट वर्गाचे द्रव वापरतात, आणि ब्युटिलऑक्टिल सॅलिसिलेटही वापरतात. ह्या शेवटच्या गृहस्थाविषयी थोडा वाद आहे. तो साहाय्यक म्हणून नोंदला जातो, परंतु त्याचा बांधा मुख्य द्रव्यांतील एका सॅलिसिलेटाशी इतका जुळता आहे की तो स्वतःही किरण पितो. नाव साहाय्यकाचे व काम मुख्याचे. कचेरीत उमेदवार म्हणून राबणाऱ्या कारकुनांस ह्यात नवल वाटणार नाही.

चौथा वर्ग मला सर्वांत मनोरंजक वाटला. ॲव्होबेंझोन हे यू. व्ही. ए. अडविणारे द्रव्य १९७३ साली पेटंट झाले व आजही सर्वत्र वापरात आहे. परंतु ज्या उन्हापासून ते आपले रक्षण करते, त्याच उन्हाने ते स्वतः मोडते. एकट्याने ठेविले तर थोड्याच वेळात त्याचा मोठा भाग निकामी होतो. शिवाय ऑक्टिनॉक्सेट सोबतीस दिले तर दोघे उन्हात एकमेकांशी संयोग पावून दोघांचाही नाश होतो. राखणदारासच राखण हवी, असा प्रकार. ही राखण ऑक्टोक्रिलीन करते. किरण प्याल्याने चेतलेल्या ॲव्होबेंझोनच्या डोक्यावरील ओझे ते आपल्या डोक्यावर घेते व उष्णतेच्या रूपाने टाकून देते. बेमोट्रिझिनॉल नावाचे नवे द्रव्यही हे काम करते. ऑक्टोक्रिलीनच्या बाबतीत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असे दाखविले की लेप दीर्घकाळ ठेविल्यास त्यातून बेंझोफिनोन हे अनिष्ट द्रव्य वाढत जाते. तेव्हा मागील वर्षाची उरलेली नळी किफायत म्हणून वापरण्यात अर्थ नाही. आमची नळी तर ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीत, भर उन्हात तापत पडलेली असे. तिच्या तोंडाशी पाणी व तेल निराळे झालेले मी स्वतः पाहिले आहे. असा फुटलेला लेप टाकून द्यावा.

पाचवा वर्ग पोकळ मण्यांचा. केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी लहान असे हे मणी पाण्याने भरलेले असतात. लेप वाळला की आतील पाणी उडून जाते व तेथे हवा राहते. किरण मण्यावर आदळून वाकडातिकडा फिरतो, व त्यास मुख्य द्रव्याच्या थरातून अधिक अंतर कापावे लागते. सरळ पाट काढण्याऐवजी नागमोडी काढिला म्हणजे वाटेत पाणी अधिक मुरते, तोच न्याय. मणी स्वतः किरण पीत नाहीत. तेलात विरघळणाऱ्या मुख्य द्रव्याबरोबर पाण्यात विरघळणारे एक योजिले असताही अंक दोघांच्या बेरजेहून अधिक भरतो. कारण लेपाचे पाणथळ व तेलकट असे दोन्ही भाग तेव्हा भरून निघतात.

आता वांगाविषयी. वांग केवळ उन्हाने होत नाही. गरोदरपण व शरीरातील इतर फेरफार हीही कारणे आहेत. परंतु उन्हाने ते वाढते, आणि सावळ्या कातडीच्या माणसांत डोळ्यांस दिसणारा उजेडही ते वाढवितो. हा उजेड पारदर्शक लेपाने अडत नाही, मग अंक ५० असो की १००. तो अडविणारे द्रव्य आपल्या घरोघर आहे; लोहाचे ऑक्साइड, म्हणजेच गेरूतील तांबडा रंग. कातडीच्या रंगाचा जो लेप मिळतो त्यात तांबडे, पिवळे व काळे लोहऑक्साइड शुद्ध करून घातलेले असते. मेक्सिकोत २०१४ साली वांगाच्या रुग्णांचे दोन गट करून ८ आठवडे पाहिले गेले. औषध दोघांस एकच, लेप मात्र एका गटास साधा व दुसऱ्यास लोहऑक्साइड घातलेला. दुसऱ्या गटाचे वांग अधिक उतरले. आमची नळी पारदर्शक होती. तिच्यावरील अंक खोटा नसेलही. ती ह्या कामाची नव्हती. म्हणून कोणी कुंभारवाड्यातील गेरू तोंडास फासू नये; त्यात काय काय मिसळलेले असते ह्याचा नेम नाही.

काही साहाय्यक मात्र साहाय्यक नसून भाटच असतात. अंक ठरविताना कातडी लाल होते की नाही हे पाहिले जाते. ज्येष्ठमधाचा अर्क, बिसाबोलोल इत्यादी दाह शमविणारी द्रव्ये लाली दडपतात. त्यामुळे अंक फुगतो, किरण मात्र आत येतच राहतात. वेष्टनावर वनस्पतींची चित्रे पाहून भुलू नये ते ह्याकरिता. खोबरेल तेलाचा अंक सात-आठ असल्याचे जे सांगतात, ते तेल मद्यार्कात विरघळवून प्रयोगशाळेतील यंत्राने मोजलेले आहे; उन्हातील पाठीवर नव्हे. छापील अंकावर आंधळा विश्वास किती ठेवावा ह्याचे उदाहरण २०२५ साली ऑस्ट्रेलियात घडले. तेथील चॉइस ह्या ग्राहकांच्या संस्थेने २० लेप तपासले, त्यांतील १६ आपल्या अंकास उतरले नाहीत. एकाचा छापील अंक ५० च्या वर असून मोजणीत ४ भरला, व पुढे तो बाजारातून परत घेण्यात आला. तो लेप जस्ताचा होता. मुख्य द्रव्य आत असूनही हा प्रकार झाला, हे विशेष.

आता ज्याकरिता हा लेख ह्या मासिकाकडे धाडीत आहे ते सांगतो. आमचे चिरंजीव गतवर्षी उसाच्या खोडव्यात २,४-डी हे तणनाशक फवारावयास निघाले. ऊन कडक होते. 'सूनबाईंची नळी आहे, तोंडास व हातांस लावून जा', असे मीच त्यांस सांगितले. सांगताना आपण मोठी काळजी घेतली असेच मला वाटत होते. पुढे वाचनात आले की अमेरिकेत २००३ व २००४ साली संशोधकांनी उंदराच्या कातडीवर ह्याच २,४-डी चा प्रयोग करून पाहिला आहे. बाजारातील निरनिराळे ऊनरोधक लेप लावलेल्या कातडीतून ते तणनाशक आत जाण्याचे प्रमाण कित्येक लेपांच्या बाबतीत वाढलेले आढळले. खनिज द्रव्यांचे लेपही ह्यातून सर्वस्वी सुटले नाहीत.

असे का व्हावे? कातडीचा सर्वांत वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींच्या विटा व त्यांमधील स्निग्ध चुना. बाहेरचे विष अडविण्याचे काम हा चुना करतो. लेपातील जी तेलकट द्रव्ये मुख्य द्रव्यास विरघळवितात व कातडीवर सारखी पसरवितात, त्यांतील काही ह्या चुन्यासही सैल करतात. ऑक्टिसॅलेट नावाचे सॅलिसिलेट तर औषधांच्या कारखान्यात मुद्दाम ह्याच गुणासाठी वापरतात. कातडीवर फवारून शरीरात पोचवावयाच्या एका संप्रेरकाच्या औषधात ते घातलेले असते. दार उघडणाऱ्यास आत येणारा सोयरा की चोर हे कळत नाही. प्रयोग उंदराच्या कातडीवरचा आहे व माणसाची कातडी त्याहून जाड असते, हे खरे. तरीपण फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्याचे हात व मान दिवसभर औषधाने भिजतात, हेही तितकेच खरे आहे. चिरंजिवांस काही अपाय झाला नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

आमच्या घरी तेव्हापासून नियम असा आहे. फवारणीच्या दिवशी लेप नाही. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, हातमोजे, तोंडावर पट्टी, रुंद काठाची टोपी, व फवारणी सकाळी लवकर उरकणे. घरी येताच साबणाने स्नान, आणि ते कपडे इतर कपड्यांत न मिसळता निराळे धुणे. लेप फक्त फवारणी नसलेल्या दिवशी, व तोही ज्या झाडांवर आदल्या एक-दोन दिवसांत औषध मारिलेले नाही तेथे काम असेल तर.

आता राहिलेला हिशेब. चेहरा, कान व मान मिळून सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर कातडी धरावी. दोन मिलिग्रॅमप्रमाणे एका वेळेस १,२०० मिलिग्रॅम, म्हणजे १.२ ग्रॅम लेप लागतो. घामाच्या कामात तो निदान दोनदा लावणे प्राप्त, म्हणजे रोज २.४ ग्रॅम. पन्नास ग्रॅमची नळी ह्या प्रमाणाने एकवीस दिवसांत संपली पाहिजे. आमची नळी एकशेवीस दिवस पुरली! दररोज पाऊण ग्रॅम तर सोडाच, अर्धा ग्रॅमही खर्ची पडत नव्हता. एका वेळच्या मापाचा जेमतेम तिसरा हिस्सा, तोही सकाळी एकदाच. कंपनीविरुद्धचा अर्ज मी फाडून टाकिला. सूनबाईंचे म्हणणे असे पडले की, 'मामंजी, इतकी महाग वस्तू हात राखूनच वापरायची ना?' त्यांत त्यांचा दोष नाही. तूप वाढताना जो हात आखडतो तोच येथेही आखडला.

हात, दंड व पाठ ह्यांस लेप लावीत बसणे शेतकऱ्यास परवडणारे नाही. कोपरापासून बोटांपर्यंतचे दोन्ही हात धरिले तरी एका वेळेस तीन ग्रॅम जातील. तेथे कापडच योग्य. आपल्याकडे बायका लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा चढवून शेतात जातात, ती रीत ह्या सर्व रसायनांहून सरस आहे. मात्र सदरा विरलेला नसावा. घट्ट विणीचे गडद कापड पातळ पांढऱ्या कापडापेक्षा अधिक किरण अडविते, आणि पांढरे सुती कापड घामाने भिजले म्हणजे त्यातून अधिक किरण येतात. तोंडावर स्कार्फ बांधिल्यावर डोळ्यांभोवतीचा व गालांच्या वरचा जो भाग उघडा राहतो, तेवढ्यास रंगीत लेप लाविला तर नळी पुष्कळ दिवस पुरते व माप मोडावे लागत नाही. सूनबाई गेले पाच महिने असे करीत आहेत. डावीकडचा चट्टा बराच निवळला आहे, उजवीकडचा अद्याप आहे.

एक लहानशी गोष्ट राहिली. ह्या लेपाने सदऱ्याच्या गळपट्टीवर व स्कार्फवर गंजासारखे तांबूस डाग पडतात व ते धुतल्याने वाढतात, अशी तक्रार पुष्कळ घरी ऐकू येते. ॲव्होबेंझोनचा लोहाशी संयोग झाला की तांबडा रंग उठतो, आणि आपल्याकडील बोअरच्या पाण्यात लोह असतेच. कारखानदार लेपात ई. डी. टी. ए. नावाचे लोह बांधून ठेवणारे द्रव्य घालतात, पण धुण्याच्या बादलीतील लोहास ते पुरे पडत नाही. अशा डागावर ब्लीचिंग पावडर घालू नये, डाग अधिकच पक्का होतो. लिंबाचा रस चोळून थोडा वेळ ठेवावा व मग साठविलेल्या पावसाच्या पाण्याने, ते नसेल तर नळाच्या पाण्याने, धुवावे.